प्रत्येक धूसर फोटो ‘हललेला’ नसतो

मैत्रिणींनो, आपल्या बोलण्यात धूसर फोटोला एकच शब्द आहे, ‘हलला’. मुंजीतल्या पंगतीचा फोटो असो, बाळाच्या पहिल्या पावलाचा असो, नाहीतर झाडावरच्या पोपटाचा, कडा जरा पुसट आल्या की बघणारा लगेच म्हणणार, "अगं, हात हलला तुझा!" भाजी बिघडली तर आपण एवढ्या घाईने निकाल देत नाही. मीठ जास्त झालं, फोडणी करपली, की मुळात भाजीच जून होती, हे चव घेऊन ठरवतो. फोटोच्या बाबतीत मात्र चव घ्यायच्या आधीच गुन्हेगार ठरलेला असतो, आणि तो म्हणजे फोटो काढणाऱ्या बाईचा हात. या एका शब्दाने माझी आठ दिवसांची झोप उडवली होती, म्हणून आज हे सगळं तुम्हाला सांगायला बसले आहे.

आम्ही बारामतीला राहतो. मुलगा नोकरीसाठी परगावी गेला तेव्हा त्याचा जुना डीएसएलआर कॅमेरा कपाटात पडून राहिला. तो मी हाती घेतला. आधी दारातली जास्वंद, मग जास्वंदीवर येणारे शिंजीर, असं करत करत पक्ष्यांची गोडी लागली. जागाही अशी लाभलेली, की एका बाजूला सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आणि त्यातले चिंकारा, तर दुसऱ्या बाजूला भिगवण. उजनी धरणाच्या फुगवट्यावर तिथे दर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. साध्या लेन्समधून ते पाण्यावरचे गुलाबी ठिपके दिसायचे. तेव्हा शिकवण्यांचे पैसे साठवून २०२३च्या दिवाळीत मी एक वापरलेली टेलिफोटो लेन्स विकत घेतली. १५० ते ६०० मिलिमीटरची, वजनाला दोन किलोच्या आसपास. घरात थोडी कुरकुर झाली, पण पैसे माझे होते, त्यामुळे ती लवकर मिटली.

त्याच डिसेंबरात आम्ही दोघं भिगवणला गेलो. सकाळभर होडीत बसून शे-दोनशे फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर लावले, तर धड म्हणावेत असे दहासुद्धा नव्हते. ह्यांनी मागून वाकून पाहिलं आणि अगदी सहज म्हणाले, "हल्ली तुझा हात थरथरतो का गं?"

त्यांच्या मनात काही नव्हतं, पण माझ्या पोटात गोळा आला. माझ्या आईला कंपवात होता. तिचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असला तरी अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत राहायचं, जपमाळ नसताना जपमाळ ओढल्यासारखं. शेवटी शेवटी चहाचा कप तिच्या हातात द्यायची आम्हाला भीती वाटायची. ती दहा वर्षं मी जवळून पाहिली आहेत. दुसऱ्याच दिवशी मेंदूविकाराच्या डॉक्टरांची वेळ मागितली. ती मिळाली आठ दिवसांनी.

आठ दिवस नुसतं भीती कुरवाळत बसण्यापेक्षा हाताला काम दिलेलं बरं, असं म्हणून मी ते फोटो परत उघडले. परातीत तांदूळ घेऊन खडे निवडतो ना, तसे एकेक निवडायला बसले. आणि खरं सांगते, तासाभरात लक्षात आलं की धूसर फोटो सगळे एका जातीचे नसतात. प्रत्येक जातीची खूण वेगळी असते. माझ्यापुढे चार ढीग झाले.

पहिला ढीग खऱ्या ‘हललेल्या’ फोटोंचा. याची खूण अशी, की फोटोतली प्रत्येक गोष्ट एकाच दिशेने ओढलेली दिसते. पक्षी, फांदी, मागचं गवत, सगळ्यांना दुहेरी कडा. पाण्यावर चमकणारा उन्हाचा थेंब गोल न येता लहानशी रेघ होऊन येतो. लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकी पक्ष्याबरोबर आपली थरथरही मोठी होऊन दिसते. म्हणून जुन्या फोटोग्राफरांचा एक हिशेब आहे: लेन्स जितक्या मिलिमीटरची, निदान तेवढ्या भागाच्या सेकंदात फोटो निघायला हवा. माझ्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्याला दीडने गुणायचं. म्हणजे ६०० मिलिमीटरला १/९००, आपण सोयीसाठी १/१००० सेकंद धरू. कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोचा हा आकडा दिसतो. या ढिगातले फोटो उन्हं वर यायच्या आधीचे होते, आणि कमी उजेडात कॅमेऱ्याने आपणहून १/१२५ सेकंद निवडला होता. तेवढ्या वेळात दोन किलोचं ओझं स्थिर धरणं पहिलवानालाही अवघड. आणि हा ढीग सगळ्यांत लहान निघाला, बरं का!

दुसरा ढीग पक्षी हलल्याचा. इथे फांदी स्वच्छ, फांदीवरची मुंगीसुद्धा मोजून घ्यावी. पुसट असतात ते पंख, नाहीतर मान. म्हणजे कॅमेरा स्थिर होता, पण पक्षी थांबायला तयार नव्हता. लेन्समध्ये थरथर सावरणारी सोय असते, स्टॅबिलायझर म्हणतात ती. ती आपल्या हाताला सावरते, पक्ष्याला नाही. त्याला उपाय एकच, वेळ आणखी कमी करायचा. बसलेला पक्षी मान वळवत असेल तर १/१००० ठीक. उडणाऱ्याला १/२००० किंवा त्याहूनही कमी वेळ हवा.

हा ढीग बघता बघता मला आईचा एक फोटो आठवला. मोबाइलवर, संध्याकाळच्या उजेडात, घरातच काढलेला. त्यात तिच्या लुगड्याचे काठ स्वच्छ आहेत, कपाळावरचं गोंदण दिसतं, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं. पुसट आहे तो फक्त उजवा हात. तो फोटो मीच काढलेला. म्हणजे काढणारीचा हात स्थिर होता, हलत होता तो आईचा. त्या रात्री तो फोटो मी बराच वेळ पाहत बसले. इतकी वर्षं तो ‘हललेला’ म्हणून बाजूला पडला होता.

तिसरा ढीग नेम चुकल्याचा, म्हणजे फोकसचा. याची खूण सोपी. पक्षी धूसर असतो, पण फोटोत दुसरं काहीतरी एकदम धारदार असतं. पुढची गवताची काडी, नाहीतर मागचा दगड. टेलिफोटो लेन्सची स्वच्छ दिसणारी पट्टी फार अरुंद असते. ६०० मिलिमीटरला, एफ ६.३ वर, आठ मीटरवरच्या पक्ष्यासाठी ती जेमतेम चार सेंटिमीटर. आपल्या बोटाची दोन पेरं म्हणा ना! खंड्या तुमच्याकडे तोंड करून बसला, तर चोचीचं टोक आणि डोळा दोन्ही नीट यायची मारामार. अशा वेळी कॅमेऱ्याला सगळीकडे शोधायला लावायचं नाही. एकच लहान चौकोन निवडायचा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवायचा. पक्षी हलता असेल तर सतत फोकस करत राहणारी सोय चालू करायची. नव्या कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा आपणहून ओळखणारी सोय असते. पण गवताची काडी आड आली की तोही गडबडतो. लेन्सच्या अंगावर एक लहान खटका असतो, तोही बघून घ्या. जवळचं शोधू नको, लांबचंच शोध, असं लेन्सला सांगण्यासाठी तो असतो. तो लांबच्यावर असला की दारातला शिंजीर काही केल्या फोकसमध्ये येत नाही.

चौथा ढीग सगळ्यांत मोठा, आणि त्यानेच मला चक्रावून टाकलं. या फोटोंत काहीच धारदार नव्हतं. पक्षीही नाही, पुढचं पाणीही नाही, मागचा काठही नाही. पण ओढल्याची रेघसुद्धा कुठे नाही. सगळं जरा वितळल्यासारखं. एकाच रोहिताचे लागोपाठ पाच फोटो, आणि पाचांत त्याची मान पाच तऱ्हेने वाकडी. वेळ पाहिला तर १/२००० सेकंद. इतक्या कमी वेळात हाताची थरथर अशी दिसत नाही. आणि गंमत बघा, ह्यांनीही त्या दिवशी हौसेने पाच-सहा फोटो काढले होते, तेही या ढिगात येऊन पडले! मग ह्यांच्या हाताकडे कुणी बघायचं?

हे असं का, ते शोधायला मी गच्चीवर प्रयोग मांडला. मुलाची तिपाई काढली, तिच्यावर कॅमेरा घट्ट बसवला. गच्चीच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर, साधारण पंधरा मीटरवर, रोजच्या वर्तमानपत्राचं पान चिकटवलं. बटण दाबतानाही धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. तिपाईवर स्टॅबिलायझर बंद ठेवला, कारण पुष्कळशा लेन्समध्ये स्थिर बुडावर तोच उलट घोळ घालतो. सकाळी सातला दहा फोटो काढले. दुपारी एकला, काही न हलवता, परत दहा.

सकाळची अक्षरं वाचता येत होती. दुपारची अक्षरं वितळली होती. तिपाई तीच, लेन्स तीच, पान तेच. माझा हात तर कॅमेऱ्याला लागलेलाही नव्हता. बदलली होती ती फक्त मधली हवा.

तापलेल्या तव्यावरून पलीकडची भिंत पाहिलीत तर ती लाटांसारखी हलताना दिसते. तेच हे. तापलेल्या फरशीवरून, रस्त्यावरून, माळावरून गरम हवा वर चढते. गरम आणि थंड हवेचे थर उजेडाला वेगवेगळे वाकवतात आणि चित्र हलतं. भिगवणला हेच पाण्यावर होतं. थंडीच्या सकाळी पाणी वरच्या हवेपेक्षा ऊबदार असतं, तेव्हाही हवा अशी थरथरते. सुप्याच्या माळावर तर दहानंतर लांबचा चिंकारा आरशात पाहिल्यासारखा डुलतो. याला लेन्स महाग घेऊन उपाय नाही, बटण फिरवूनही उपाय नाही. मधली हवा कमी करायची, म्हणजे जनावराने जवळ यायची वाट बघायची. किंवा दिवस ढगाळ असताना जायचं. जवळ जायचं म्हणून नावाड्याला होडी थव्यात घालायला मात्र सांगू नका. रोहित उडाले की फोटो छान येतो, पण त्यांचं खाणं मोडतं. तो आपला हक्क नव्हे.

प्रयोगात आणखी एक गोष्ट सापडली. सकाळची अक्षरं वाचता येत होती खरी, पण त्यांच्या भोवती दुधी छटा होती. लेन्स घेतली तेव्हा विकणाऱ्याने तोंडावर एक संरक्षक काच चढवूनच दिली होती, "काचेवर काच, काळजी नको," म्हणून. तिसऱ्या दिवशी ती काढून तेच फोटो परत काढले, आणि छटा गेली! स्वस्तातली काच लहान लेन्सवर खपून जाते, पण लांब पल्ल्याच्या लेन्सवर तिचा दोष मोठा होऊन दिसतो. तुमच्या लेन्सवर अशी काच असेल तर ती चांगली की वाईट हे कुणाला विचारत बसू नका. एकदा काढून आणि एकदा लावून, दोन फोटो घ्या.

चौथ्या दिवशी आणखी एक तपासणी केली. डीएसएलआर कॅमेऱ्यात डोळा लावून फोकस केला तर एक यंत्रणा काम करते, मागच्या पडद्यावर बघून केला तर दुसरी. दोन्ही तऱ्हांनी त्याच पानाचे फोटो काढायचे. पडद्यावरून केलेला स्वच्छ आणि डोळा लावून केलेला दर वेळी धूसर आला, तर लेन्स आणि कॅमेऱ्याचं जुळत नाही असं समजावं. पुष्कळ कॅमेऱ्यांत ते घरी जुळवता येतं, नाहीतर दुरुस्तीवाल्याकडे द्यावं. माझ्याकडे दोन्ही सारखे आले. नव्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत ही भानगड सहसा नसते.

सगळ्याचं सार एकच, मैत्रिणींनो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केक फुगला नाही म्हणून पुढच्या वेळी मैदा, सोडा आणि भट्टीची आच तिन्ही एकदम बदलले, तर कशाने फुगला ते जन्मात कळायचं नाही.

आठव्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात पुढे धरायला लावले, मांडीवर सैल सोडायला लावले, बोटं भराभर जुळवायला सांगितली, दोन ओळी लिहून घेतल्या, चालवून पाहिलं. मग म्हणाले, तुम्हाला तसं काही नाही. बारीक थरथर प्रत्येकाच्या हाताला असते. जड वस्तू धरली, दमलो, उपाशी राहिलो, चहा-कॉफी जास्त झाली, मन चिंतेत असलं की ती वाढते. कंपवाताची थरथर बहुधा हात स्वस्थ असताना दिसते आणि पुष्कळदा एका बाजूने सुरू होते. आणि बहुतेकांना तो आईवडिलांकडून येत नाही. मी फोटोंचे ढीग सांगितले तर ते हसले, पण ऐकून घेतलं. तुम्हालाही मात्र सांगते, हाताची शंका आली तर डॉक्टरच गाठा. कॅमेरा फोटोची परीक्षा करतो, आजाराची नव्हे.

पहिल्या ढिगावरचा, म्हणजे खऱ्या थरथरीवरचा उपाय तर आपल्या शिवणाच्या मशीनवरच आहे. जुन्या जीनचा एक पाय पंधरा इंच कापा. एक तोंड दुहेरी टीप घालून बंद करा, दुसऱ्याला चेन लावा. आत जुन्या मलमलची पिशवी करून तिच्यात चिंचोके भरा. राजमा चालेल, पण त्याला कीड लागते. पाऊण भरायची, गच्च नाही, म्हणजे लेन्स तिच्यात बाळासारखी बसते. गाडीच्या खिडकीवर, गच्चीच्या कठड्यावर, होडीच्या काठावर ही पिशवी ठेवायची आणि वर लेन्स. गाडीचं इंजिन बंद करायला सांगा, होडीचंही. नाहीतर त्याची थरथर पिशवीतून वर येते. हातात धरायची वेळ आली तर डावा हात लेन्सच्या खाली, कोपरं अंगाला चिकटलेली, श्वास अर्धा सोडून थांबलेला. आणि एक फोटो न काढता लागोपाठ चार-पाच काढा. बटण दाबताना पहिल्याला धक्का बसतो, मधला बहुधा स्वच्छ येतो.

उजेड कमी असला तर आयएसओ वाढवायला घाबरू नका. फोटो रवाळ येईल, येऊ दे. रवाळ पक्षी ओळखता येतो; ओढलेल्या पक्ष्याचं काही करता येत नाही.

निगेचं थोडं. लेन्स पदराने पुसू नका, धुळीचा कण काचेवर ओरखडा काढतो. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ मायक्रोफायबरच्या कापडाने हलकेच पुसा. एसीच्या गाडीतून दमट हवेत उतरताना लेन्स प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि बाहेरच्या हवेला सरावली की मगच काढा; नाहीतर काचेवर दव धरतं आणि अर्धा तास धुक्यातले फोटो मिळतात. पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत ठेवू नका, बुरशी धरते. झाकण घट्ट बसणारा मोठा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. तांदळात मात्र पुरू नका, त्याचं पीठ फटीत जातं.

२०२४च्या डिसेंबरात आम्ही परत भिगवणला गेलो. पिशवी काठावर, आकडा १/१६०० वर, काच घरी. साडेनऊपर्यंत जे मिळाले ते चांगले मिळाले. एका फोटोत रोहिताच्या चोचीवरून निथळणारं पाणी थेंब थेंब मोजता येतं. मग पाण्यावरची हवा डुलायला लागली, तशी मी कॅमेरा पिशवीत घातला आणि डबा उघडला. ह्यांनी विचारलं, "का गं, दमलीस?" म्हटलं, "मी नाही, हवा दमली. तुम्ही पराठे घ्या."

तर बाई, तुमच्याही कपाटात मुलाचा नाहीतर ह्यांचा एखादा कॅमेरा पडून असेल, आणि फोटो धूसर येतात म्हणून तो मिटून ठेवला असेल, तर येत्या रविवारी सकाळी सातला गच्चीवर वर्तमानपत्राचं एक पान चिकटवा. दहा फोटो काढा आणि निवडायला बसा. निवडण्यात आपला हात धरणारं कोण आहे?